ॲल्युमिनियमच्या पोटातला वायू

सातपूरच्या एका लहानशा कारखान्यात मी सहा वर्षं पाण्याकडे बघत काढली. माझं कामच ते होतं. आमच्याकडे ॲल्युमिनियम वितळवून, लोखंडी साच्यात ओतून पंपांचे भाग तयार व्हायचे. त्यातली मुख्य वस्तू म्हणजे पंपाची बॉडी. लहान कळशीएवढी, दोन बाजूंना तोंडं असलेली. ती माझ्या टेबलावर आली की मी दोन्ही तोंडांवर रबराचे वॉशर बसवायचे, क्लॅम्प आवळायचे, हवेची नळी जोडायचे आणि ती पाण्याच्या टाकीत बुडवायचे. मग मनात साठ आकडे मोजायचे. साठ होईपर्यंत बुडबुडा आला नाही तर पीस पास. कुठूनही एक जरी बुडबुडा निघाला, अगदी मोहरीएवढा, तरी त्या जागी लाल खूण करायची आणि पीस शेजारच्या जाळीच्या पिंजऱ्यात टाकायचा.

माझं शिक्षण तेव्हा नववी पास, दहावी नापास. बाकी सगळे विषय सुटले होते, विज्ञानात बावीस मार्क पडले. त्यानंतर लग्न झालं, मुलगी झाली, आणि तो विषय मी ट्रंकेत ठेवलेल्या साडीसारखा ठेवून दिला. म्हणजे टाकला नाही, पण काढूनही बघितला नाही. मुलगी आठवीत गेली त्या वर्षी एका संध्याकाळी ती अभ्यास करता करता म्हणाली, "आई, तू परत बस ना दहावीला. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. आमच्या वर्गातल्या एकीची आई बसली."

नवरा जेवत होता. तो एवढंच म्हणाला, "बस की. स्वयंपाक मी बघीन रविवारचा." तो दुसऱ्या कारखान्यात लेथवर होता आणि फार बोलायचा नाही, पण बोललेलं पाळायचा.

नाशिक रोडला एक निवृत्त विज्ञानशिक्षिका राहायच्या. नवऱ्याच्या मित्राला त्यांनी शिकवलं होतं, त्या ओळखीवर मी दर रविवारी सकाळी बस बदलत त्यांच्याकडे जायला लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं दहावीचं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"मुलीची जुनी पुस्तकं आहेत का घरी?"

"सहावीपासूनची आहेत, बाई."

"मग सहावीपासून चालू. तुझा पाया कच्चा नाही, पायाच नाहीये."

मला राग आला, पण खरं होतं. बाईंनी कपाटातून सुई नसलेली सिरिंज आणली. हवा भरली, पुढचं तोंड बोटाने बंद केलं आणि मला दांडा दाबायला सांगितला. दांडा अर्ध्यापर्यंत गेला. मग पाणी भरलं. दांडा तसूभरही हलेना.

"का?"

"पाणी दाबलं जात नाही, बाई."

"ते दिसतंय. का दाबलं जात नाही?"

मी पुन्हा एकदा दांडा दाबून बघितला. मग त्यांनी सांगितलं की सगळ्या वस्तू बारीक कणांच्या बनलेल्या असतात. हवेत ते कण एकमेकांपासून लांब लांब, सुसाट फिरत असतात, म्हणून त्यांना जवळ ढकलता येतं. पाण्यात ते एकमेकांना चिकटूनच असतात, फक्त एका जागी थांबत नाहीत, घसरत राहतात. आणि घन पदार्थात ते आपापल्या जागेवर बांधलेले असतात.

"म्हणजे अगदी गप्प बसलेले," मी म्हणाले.

"गप्प कुठले. जागेवरच थरथरत असतात. तापवलं की थरथर वाढते. वाढता वाढता जागा सुटली की वस्तू वितळली."

दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि भट्टीपाशी उभी राहिले. आमचे भट्टीवाले मामा मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या त्या मोठ्या भांड्यात, ॲल्युमिनियमची वीट सोडत होते. वीट थोडा वेळ तशीच उभी होती. मग तिचे कोपरे ढिले झाले, ती वाकली आणि खाली असलेल्या चकचकीत रसात मिसळून गेली. मी हे शेकडो वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की आपण काय बघतोय. मामा म्हणाले, "ताई, काय बघता? भट्टी कधी बघितली नाय का?" मी म्हटलं, "नाही बघितली मामा, आजच बघितली." ते डोकं हलवत निघून गेले.

त्या पावसाळ्यात आमच्याकडे गळती वाढली. आधी दिवसाला दोन-तीन पीस पिंजऱ्यात जायचे. आषाढ संपता संपता रोज पिंजरा भरायला लागला. त्यातच माझ्या टेबलावरून पास झालेले काही पीस गिऱ्हाईक कंपनीत मशीनवर तासल्यावर गळले आणि परत आले. ज्या दिवशी ते खोके परत आले त्या दिवशी सुपरवायझर थेट माझ्या टेबलाशी आला. डिप्लोमा केलेला तरुण मुलगा, कामाला चोख, पण जीभ तिखट.

"ताई, पाण्याकडे बघता का मोबाईलकडे?"

"सर, माझा मोबाईल लॉकरमध्ये असतो. तुम्हीच ठेवायला लावता."

"मग हे कसे पास झाले?"

मी परत आलेला एक पीस उचलून उलटसुलट बघितला. तो मग भट्टीकडे गेला आणि मामांनाही तसाच काहीतरी बोलला. मामा इगतपुरीकडच्या खेड्यातले, वीस वर्षं भट्टीवर काढलेले. त्यांनी ऐकून घेतलं, पण दुपारी डबा उघडला नाही. आठवड्याभराने ठरलं की साचाच जुना झालाय. थंड होताना धातू आकसतो, जुन्या साच्यात तो नीट भरत नाही आणि आत पोकळी राहते, असं सुपरवायझरने आमच्या मालकांना, शेठना, समजावलं. नवीन साचा मागवायचा तर दोन महिने जाणार होते. तोवर गिऱ्हाईक थांबेल याची खात्री नव्हती. आमच्यासारख्या चौदा माणसांच्या कारखान्यात त्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता.

त्याच आठवड्यात नवरा चिखलात मोटरसायकलवरून घसरला. हाड मोडलं नाही, पण घोटा सुजला. मी फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढला, फडक्यात खडे घेतले आणि त्याचा पाय शेकत बसले. एक खडा हातातच राहिला. बघते तर त्याच्या कडा काचेसारख्या आरपार होत्या आणि मधोमध पांढरा ढग होता. जवळ नेऊन बघितलं. ढग म्हणजे बारीक बारीक बुडबुडे होते.

सहा वर्षं बुडबुडे बघणारी बाई मी. मला ते सोडवेनात. मी मुलीला हाक मारली.

"हे बघ. पाण्यात बुडबुडे नव्हते, मग बर्फात कुठून आले?"

ती म्हणाली, "पाण्यात हवा विरघळलेली असते, आई. मासे तीच घेतात. पुस्तकात आहे."

"मग ती मधेच का जमली?"

"ते पुस्तकात नाहीये."

नवरा म्हणाला, "ते नंतर बघा. पाय दुखतोय."

रविवारी मी बाईंना तेच विचारलं. बाईंनी चष्मा काढला. त्यांना प्रश्न आवडला की त्या चष्मा काढायच्या.

"पाणी द्रव आहे तोवर त्याचे कण हलते. हवेच्या कणांना त्यांच्यात सामावून राहता येतं. बर्फ होताना पाण्याचे कण ठरलेल्या जागी बसतात, ओळीने, पक्के. तिथे हवेला जागा नाही. ती पुढे ढकलली जाते. ट्रेमध्ये बर्फ कुठून धरायला लागतो?"

"कडेकडून."

"म्हणजे हवा कुठे ढकलली जाईल?"

"मधे," मी म्हणाले. "जिथे सगळ्यात शेवटी गोठतं तिथे."

हे म्हणताना माझ्या डोळ्यासमोर बर्फ नव्हताच. लाल खुणा होत्या. आमच्या बॉडीला एका बाजूला जाड गळा होता, नळी बसवायचा. जवळजवळ सगळ्या लाल खुणा मी त्या गळ्यावरच करत होते. तो भाग सगळ्यात जाड, म्हणजे सगळ्यात शेवटी थंड होणारा.

सोमवारी मी जेवणाच्या सुट्टीत पिंजऱ्यातून एक पीस घेतला आणि हॅक्सॉची करवत घेऊन बाकावर बसले. जाड गळा आडवा कापायला अर्धा तास लागला. आत बघितलं तर पातळ भाग भरीव आणि जाड भागात ढोकळ्यासारखी जाळी. बारीक, गोल, आतून चकाकणारी छिद्रं. पासचे पीस नंतर का गळले तेही कळलं. वरची भरीव कातडी मशीनवर सोलली गेली की आतली छिद्रं उघडी पडत होती.

मी तो तुकडा सुपरवायझरला दाखवला. "सर, ही आकसल्याची पोकळी नसावी. हा वायू आहे. धातूत विरघळलेला."

"ताई, दहावी तरी होऊ द्या आधी," तो म्हणाला. पण तुकडा हातात घेऊन तो बराच वेळ बघत राहिला, आणि परत न देता खिशात घालून गेला.

पुढच्या रविवारी बाईंना मी उरलेला प्रश्न विचारला. वितळलेल्या ॲल्युमिनियमच्या आत वायू येतो कुठून? बाईंना कारखान्यातलं माहीत नव्हतं. त्यांनी मला भट्टीवर काय काय होतं ते क्रमाने सांगायला लावलं, एकही गोष्ट न गाळता. मी सांगत गेले. विटा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असतात. ढवळायचा गज न्हाणीच्या कोपऱ्यात उभा असतो. भट्टीत नव्या विटांबरोबर पिंजऱ्यातले नापास पीसही परत टाकतात, वाया जाऊ नयेत म्हणून.

"नापास म्हणजे तू पाण्यात बुडवलेले?"

"हो, पण वरून वाळलेले असतात. ओली वस्तू रसात टाकली तर स्फोट होतो, ते मामांना माहीत आहे. भट्टीच्या कडेवर ठेवून वाळवतात."

"वरून वाळलेले," बाई म्हणाल्या. "आणि छिद्रांच्या आत?"

ज्या पिसात छिद्रं आहेत तोच नापास होतो. आत हवेचा दाब आहे तोवर पाणी शिरत नाही. पण साठ मोजून झाल्यावर मी हवा बंद करायचे आणि पीस टाकीत तसाच सोडून पुढचा लावायला घ्यायचे. तेव्हा त्याच्या छिद्रांत पाणी शिरत होतं. ते पाणी मामा नकळत भट्टीत घालत होते. बाईंनी पुढचं सांगितलं. तापलेलं ॲल्युमिनियम पाण्याच्या वाफेतला ऑक्सिजन हिसकावून घेतं. उरतो हायड्रोजन. त्याचे कण सगळ्यात लहान, ते रसात शिरतात. रस द्रव आहे तोवर मावतात, घन झाला की बाहेर ढकलले जातात. म्हणजे जितके पीस नापास, तितकं जास्त पाणी भट्टीत, आणि तितके पुढचे पीस नापास. पावसाळ्याने सुरुवात करून दिली होती, दमट विटांनी. पुढचं काम माझ्या टाकीने केलं होतं.

परतीच्या बसमध्ये मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट कधी एकदा सोमवार उजाडतो असं झालं.

सगळ्यात अवघड होतं मामांना सांगणं. सुपरवायझरचं त्यांना एकदा बोलून झालं होतं, आता मीही बोट दाखवतेय असं त्यांना वाटलं असतं. मी आधी माझ्या टाकीचंच सांगितलं. मग विटांचं.

"विटा कोरड्या हायेत," मामा म्हणाले. "हात लावून बघा."

"वरून कोरड्या आहेत, मामा. वर बसलेल्या पांढऱ्या भुकटीत ओल धरलेली असते, ती हाताला लागत नाही. गजाचंही तेच. आणि पिसांच्या तर पोटातच पाणी आहे."

मामांनी एक वीट उचलून नखाने खरवडली. मग म्हणाले, "आमच्याकडं भाताचं असंच हाय. वरून वाळलेलं दिसतं, पोतं भरून गिरणीत नेलं का नुसती कणी. आत ओल राहिलेली असती. माझा बाप दाणा दाताखाली धरून बघायचा. कट वाजला तरच वाळला म्हणायचा."

"मग हे दाताखाली कसं धरायचं?"

मामा पहिल्यांदा हसले. त्यांनी कोपऱ्यातून एक लहान लोखंडी वाटी आणली. "ह्याला धरायचं. रस वाटीत ओतून थंड होऊ द्यायचा. चांगला रस मधे खाली बसतो, खळगा पडतो. खराब रस वर फुगतो. माझ्या उस्तादानं शिकवलं होतं. दोन महिने झाले, वाटी रोज फुगती. मी सांगितलं होतं, पण का फुगती ते मला सांगता येईना, मग कोण ऐकणार."

आम्ही दोघं मिळून शेठकडे गेलो. शेठ केबिनमध्ये सुपरवायझरशी साच्याबद्दलच बोलत होते. मी उभ्याउभ्या सांगितलं. आधी बर्फाचं, मग टाकीचं, मग विटांचं. शेठनी सुपरवायझरकडे बघितलं. मला वाटलं, आता हा दहावीचं काढणार.

त्याने खिशातून माझा कापलेला तुकडा काढून टेबलावर ठेवला. "मी माझं जुनं पुस्तक काढून बघितलं," तो म्हणाला. "आकसल्याची पोकळी वेडीवाकडी, फाटल्यासारखी असते. वायूची गोल आणि गुळगुळीत. ही गोल आहेत. ताईंचं बरोबर असू शकतं. आणि साचा तर मे महिन्यातही हाच होता."

"असू शकतं का आहे?" शेठ म्हणाले.

"करून बघावं लागेल."

शुक्रवारी मामांनी सगळ्या विटा भट्टीच्या गरम कठड्यावर रचल्या आणि दिवसभर तापत ठेवल्या. गज, पळा, चिमटा, सगळं भाजून घेतलं. पिंजऱ्याला सुपरवायझरने कुलूप घातलं. शनिवारी मूस रिकामी करून फक्त त्या विटांचा रस केला. मामांनी पळ्याने वाटीत रस ओतला आणि आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. शेठही. आधी कडा मंद झाल्या, मग चकाकी आत आत सरकत गेली. शेवटी मधला ठिपका तेवढा ओला राहिला, आणि तो हळूच खाली बसला. मळलेल्या पिठात बोट दाबावं तसा खळगा.

मामा म्हणाले, "बसली." त्यांनी वाटी उचलून मला दाखवली, आधी मला, मग शेठना.

तीस पीस ओतले. थंड झाल्यावर एकेक माझ्या टेबलावर यायला लागला. मी क्लॅम्प लावत होते आणि बुडवत होते. साठ मोजायचे, काढायचे, पुढचा. दहा झाले, पंधरा झाले, पाणी काचेसारखं स्वच्छ. माझ्यामागे कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं, बघायला वेळ नव्हता. एकोणिसावा बुडवला आणि तळाशी बुडबुडा फुटला. मग दुसरा. मग माळ.

मी पीस तसाच पाण्यात धरून डोळे बारीक केले. बुडबुडे जाड गळ्यातून येत नव्हते. खालच्या तोंडाच्या कडेने येत होते. पीस वर काढला, क्लॅम्प सोडला आणि वॉशर वाकवून बघितला. रबराला चीर गेली होती. नवीन वॉशर घातला, पुन्हा बुडवलं आणि ह्या वेळी मोठ्याने मोजलं. साठ झाले, पाणी हललं नाही.

तिसावा पीस पास झाला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत थंड पडले होते आणि अंगाला घाम होता. शेठनी हात पुढे केला. मी माझा ओलाच हात दिला.

पण सुपरवायझर म्हणाला, "एकदा जमलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. आता मुद्दाम जुन्या पद्धतीने करू." मला त्याचा राग यायला हवा होता, आला नाही. बाईंनीही हेच सांगितलं असतं. सोमवारी शेडमधल्या विटा, न्हाणीतला गज आणि पिंजऱ्यातले पीस घेऊन पुन्हा तीस ओतले. बाकी काही बदललं नाही, साचा तोच, मामा तेच. वाटी टम्म फुगली. तिसातले अकरा गळले, दहा त्या जाड गळ्यातच. मी एकेक लाल खूण करत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा नापास पिसांचा मला आनंद होत होता.

नवीन साचा कुणी मागवला नाही. मामांनी आणि नवऱ्याने मिळून एका जुन्या ड्रमचं कपाट बनवलं. नवऱ्याने लंगडत लंगडत दोन रविवार त्यावर घातले. भट्टीची वाया जाणारी धग त्यात सोडली. विटा आधी तिथे राहायच्या आणि मगच मुशीत जायच्या. नापास पीस जाड जागी कापून, दोन दिवस तापवून, वेगळे वितळवायचे ठरले. शेडचा पत्रा बदलला. आणि भट्टीजवळच्या फळ्यावर काय करायचं, का करायचं, हे सुपरवायझरने मला माझ्या शब्दांत लिहायला सांगितलं. मी लिहिलं, "रसात पाण्याचा थेंब नको. वाफेतला वायू रसात मावतो, घट्ट धातूत मावत नाही." त्याने खाली फक्त तारीख टाकली.

गणपती झाल्यावर गिऱ्हाईक कंपनीचे इन्स्पेक्टर आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी स्वतः पीस निवडले, काही माझ्यासमोर कापून घेतले, काही बुडवून बघितले. कापलेल्या गळ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. आत भरीव, लोण्याच्या गोळ्यासारखा.

"काय बदललंत?" त्यांनी शेठना विचारलं.

"ते ह्यांना विचारा," शेठ म्हणाले आणि माझ्याकडे वळले.

मी सांगितलं. द्रव, घन, वायू, कणांना मिळणारी जागा आणि न मिळणारी जागा. बोलता बोलता मी एका बोटाने टाकीच्या कडेवर पाण्याने चित्रही काढलं. इन्स्पेक्टरांनी मधे दोन प्रश्न विचारले, दोन्हींची उत्तरं मला आली. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, तुमचं शिक्षण कशात झालंय?"

"चालू आहे," मी म्हणाले.

माल पास झाला. दिवाळीआधी शेठनी मला टेबलावरून काढलं आणि ओतण्यापासून तपासणीपर्यंत सगळ्या गुणवत्तेचं काम माझ्याकडे दिलं. टेबलावर दोन नवीन बायका आल्या. त्यांना मी पहिल्या दिवशी पीस बुडवायला शिकवलं नाही, आधी एक नापास पीस कापून आतलं दाखवलं. मामा रोज सकाळी पहिली वाटी ओतली की मला हाक मारायचे. आता त्यांना वाटी का बसते ते सांगता यायचं आणि ते येईल त्याला सांगायचे, गरज नसली तरी.

मार्चमध्ये परीक्षा दिली. माझ्या बाकाशेजारी माझ्या मुलीपेक्षा थोडीशीच मोठी मुलं होती. त्यांच्यातल्या एकीने मला पर्यवेक्षक समजून पेपर कधी मिळणार असं विचारलं. मी म्हटलं, "मीही वाटच बघतेय." विज्ञानाचा पेपर लिहिताना हात थांबला नाही.

निकाल लागला तेव्हा मी कामावर होते. जेवणाच्या सुट्टीत लॉकरमधून मोबाईल काढला तर मुलीचे सात मिस्ड कॉल. फोन लावला. ती आधी इतर विषय सांगत बसली, मुद्दाम, आणि विज्ञान शेवटी ठेवलं.

"किती?"

"चौऱ्याहत्तर, आई."

मी तिला परत म्हणायला लावलं. मग बाईंना फोन केला. पलीकडे टेबलावर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला, आणि मला माहीत होतं की त्यांनी चष्मा काढला असणार. मग मामांना सांगितलं, शेठना सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, "मला दहावीला विज्ञानात एकाहत्तर होते," आणि स्वतः जाऊन पेढे घेऊन आला. दुपारची शिफ्ट मी हसतच काढली. कुणी विचारलं तर मार्क सांगत होते, आणि नाही विचारलं तरी सांगत होते.